आवडाबाईच्या मुठीतली वीज

मित्रांनो, मागे सरकू नका, मी आता पेटत नाही. पेटत होते तेव्हाही कुणाला दचकवायला पेटत नव्हते. खरं सांगू? तुमच्याहून जास्त मीच दचकायचे. मी एक जुनी फ्लॅशगन आहे. हातात मावेल एवढी, अंगानं काळी, तोंडाला काच. नावात गन आहे, काळीज मात्र उंदराचं.

मला अंधाराची भीती वाटते. आता तुम्ही म्हणाल, उजेड पाडणारीला अंधाराची कसली भीती? अरे बाबांनो, मला बोलावतातच अंधारात! भर दुपारी उन्हात मला कोण विचारतो? आधी अंधार, मग माझ्या पोटात चार पेन्सिल सेल, मग ती बारीक शिट्टी, चीईईई. लोकांना वाटायचं मी तयार होतेय. मी तयार-बियार काही होत नव्हते, रडत होते. मग पाठीवरचा लाल दिवा लागायचा. तो लागला की समजायचं, आता कधीही.

माझा जन्म जपानचा. तिथलं मला काही आठवत नाही, बहुतेक डोळे मिटून होते. आठवतं ते थेट विमानतळ. गल्फमध्ये नोकरीला असलेल्या कल्याणच्या एका माणसानं मला लोकरीच्या मोज्यात कोंबून आणलेलं. तपासणीच्या साहेबानं मोजा हातात घेतला आणि मी अशी थरथरले, अशी थरथरले, की त्याला वाटलं आत बेडूक आहे. ‘शी!’ म्हणून त्यानं मोजा लांब फेकला. अशी मी ड्यूटी न भरता भारतात शिरले. खोटं वाटतंय? पुढे महिपतनं त्या माणसाकडून मला विकत घेतलं ते त्या मोज्यासकट. बेडकाचा वास अजून येतो त्याला.

महिपत म्हणजे माझा मालक. कळव्याला चाळीत राहायचा, दिवसा कारखान्यात जायचा आणि सुट्टीला फोटो काढायचा. लग्नाचे फोटो सगळेच काढतात, पण याला नाद लागलेला वाजवणाऱ्यांचा आणि गाणाऱ्यांचा. बँडवाले, बेंजोवाले, भजनी बुवा, भीमगीतं गाणाऱ्या बायका, सगळे. आणि फोटो काढायचा तो त्यांच्या दारात जाऊन. म्हणायचा, ‘‘स्टुडिओत बसवला ना, की ढोलकीवालासुद्धा बँकेतला क्लार्क दिसतो.’’

त्याच्याकडे आम्ही दोघी होतो. एक थोरली, ती कॅमेऱ्याच्या डोक्यावर ऐटीत बसायची. दुसरी मी. मला तो कुठंही बांधायचा. खांबाला, बांबूला, शिडीला, एकदा तर उभ्या बैलाच्या शिंगाला. बांधायला सायकलच्या फाटक्या ट्यूबचे रबर. आणि माझं तोंड कधीच माणसाकडे नाही, कायम भिंतीकडे, चादरीकडे, नाहीतर वाळत घातलेल्या धोतराकडे. ‘‘सरळ तोंडावर मारली की माणूस पापडासारखा सपाट होतो,’’ असं त्याचं म्हणणं. भिंतीवर आपटून उजेड मऊ व्हायचा आणि मग अलगद माणसाच्या गालावर उतरायचा.

हे सगळं ठीक होतं. पण माझ्या पायाला त्यानं एक डोळा चिकटवलेला. वाटाण्याएवढा, काचेचा. थोरली पेटली की तो लखलखाट या डोळ्याला दिसायचा आणि मी आपोआप पेटायचे. मला कुणी विचारत नव्हतं, की बाई, तुझी तयारी आहे का? दुसरीकडे कुठंतरी लख्ख झालं की माझ्या पोटातून धाड! कधी होणार ते मला माहीत नसायचं. त्या ‘कधी’ची मला एवढी भीती बसलेली, की पेटण्यापेक्षा पेटण्याची वाट बघूनच माझे सेल अर्धे व्हायचे.

खडवलीला नदीकाठी एकदा बँडमधल्या गोविंदाचा फोटो होता. त्यानं ट्रम्पेट एवढं घासून आणलेलं की त्यात मला माझंच पेटलेलं तोंड दिसलं. मी किंचाळले. फोटो मात्र असा आला, की गोविंदाला जन्मभर ‘अरे-तुरे’ करणारी त्याची सासू त्या दिवसापासून जावयाला ‘अहो’ म्हणायला लागली. कल्याणला रमाबाई म्हणून भीमगीतं गायच्या, त्यांचा फोटो चाळीच्या गच्चीवर, चुना मारलेल्या टाकीवरून उजेड फिरवून काढला. रमाबाई फोटो बघून म्हणाल्या, ‘‘महिपतभाऊ, यात माझा आवाजपण आलाय हो.’’ लोक महिपतचं कौतुक करायचे. कुणी कुणी माझ्याकडे बघून म्हणायचं, ‘‘एवढीशी आहे, पण काय पेटते!’’ मला बरं वाटायचं. भीती मात्र तसूभर कमी व्हायची नाही.

आणि मग आली आवडाबाई.

आवडाबाई कोलशेतच्या कोळीवाड्यातली धवलारीण. धवलारीण म्हणजे आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. धवले म्हणजे लग्नाची गाणी, आणि ती नुसती मजेची नसतात हं! ती गायल्याशिवाय तिकडे हळद लागत नाही, मांडव उभा राहत नाही. तिचा मान भटजीएवढा, आणि आवाज भटजीच्या दसपट. आवडाबाईनं खाडीच्या या काठाला सूर लावला की त्या काठावर भिवंडीकडच्या म्हशी उठून उभ्या राहायच्या आणि सूर संपेपर्यंत बसायच्या नाहीत. तिचा नवरा सखाराम सांगायचा, म्हशींचं दूध त्यामुळेच घट्ट येतं.

कल्याणच्या पंढरीशेठनं तिच्या गाण्यांची कॅसेट भरलेली. तेव्हा शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल, गल्लोगल्ली टेपरेकॉर्डर आलेले. गाणी झाली, आता कव्हरवर फोटो पाहिजे. त्यासाठी महिपत आम्हा दोघींना घेऊन कोलशेतला गेला.

आवडाबाई अंगणात ऐटीत बसलेली. कपाळावर भलं मोठं कुंकू, नाकात नथ, बाजूला भाचा नाथा ढोलकी घेऊन. महिपत म्हणाला, ‘‘काकी, गात राहा, माझ्याकडे बघूच नका.’’ काकी गायला लागली. थोरली पेटली. माझ्या डोळ्यानं बघितलं, मी पेटले.

आणि एवढी धिप्पाड बाई पदर डोक्यावरून ओढून गुडघ्यात तोंड घालून बसली! गाणं बंद. अंग लटलट कापतंय. आम्ही पुन्हा पेटलो, पुन्हा तेच. रोल धुतला तर सगळ्या फोटोंत लुगडंच लुगडं.

गावात म्हणायला लागले, कॅसेट भरली तर आवडीला शिंगं फुटली, फोटोला नखरे करते. नाथा तर तोंडावर म्हणाला, ‘‘आत्ये, पाकट माशाच्या इखारी काट्याला हात घालतेस, आणि फोटोला लाजतेस?’’

‘‘तुज्या तोंडात माती,’’ आवडाबाई म्हणाली. पण हे एवढंच म्हणाली. एरवी तिची शिवी सुरू झाली की भरती येऊन ओहोटी लागायची तरी संपायची नाही.

मला एकटीला कळलं. ती लाजत नव्हती. भीती ओळखायला आपण भित्रं असावं लागतं, मित्रांनो.

दोन-चार दिवसांनी पंढरीशेठ स्वतः स्कूटरवरून आला. महिपत तिथंच होता आणि मी त्याच्या पिशवीत. शेठनं चहासुद्धा घेतला नाही.

‘‘आवडाबाई, शनिवारी कव्हर छापायला द्यायचंय. तुमचा फोटो नसला तरी अडत नाही. माझ्याकडे एक पोरगी आहे.’’

‘‘कंची पोरगी?’’

‘‘मॉडेल. हे बघा. लाल लुगडं, डोक्यावर पाटी, पाटीत मासे. एकदम कोळीण दिसते.’’

आवडाबाईनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. ‘‘यो पापलेट तं रबराचा हाय.’’

‘‘लांबून कुणाला कळतंय?’’

‘‘मना कळतंय!’’ आवडाबाईचा आवाज चढला आणि पलीकडे म्हशी उठल्या असतील. ‘‘माज्या सासूनं शिकवलेलं धवलं, तिला तिच्या सासूनं. गला माजा, आणि वर तोंड हिचं? रबराच्या माशासकट?’’

‘‘मग द्या ना तुमचं तोंड! मी कुठं नको म्हणतोय?’’ पंढरीशेठनं स्कूटरला किक मारली. ‘‘शनिवारी सकाळी फोटो माझ्या हातात नसला, तर ही पोरगी छापायला गेली म्हणून समजा.’’

आवडाबाई त्या स्कूटरच्या धुरातच महिपतकडे वळली. म्हणाली, ‘‘शुक्रवारी ये. मी बसते.’’ पिशवीतून मला तिचे हात दिसत होते. लुगड्याची कड मुठीत अशी आवळलेली, की बोटं पांढरी पडलेली.

आणि तो शुक्रवार आला.

ऑक्टोबर होता. संध्याकाळी खाडीवर उजेड कमी होत चाललेला. सखारामची होडी काठावर ओढून ठेवलेली. बाकीच्यांनी इंजिनं बसवून शिडं विकून टाकलेली, पण सखारामनं इंजिन बसवूनही शीड ठेवलेलं. महिपतनं ते बघितलं आणि खुळाच झाला. ‘‘काका, शीड उभं करा! एवढी मोठी चादर मला कोण देणार?’’ शीड उभं राहिलं, सायीच्या रंगाचं. महिपतनं मला डोलकाठीला बांधलं, तोंड शिडाकडे. खाली होडीत आवडाबाई बसली, तिच्याजवळ नाथा. चीईईई. माझा लाल दिवा लागला.

येऊरच्या डोंगरावर काळं दाटत होतं. ते मला वरून दिसत होतं, खाली कुणाचं लक्ष नव्हतं. महिपत कॅमेऱ्यात घुसलेला.

‘‘काकी, या वेळी एकच फोटो. तीन म्हणेन तेव्हा पेटेल. आधी नाही. शब्द देतो. एक...’’

डोंगरामागे वीज चमकली. लांब, पुसट, आवाजसुद्धा नाही. पण माझ्या पायाचा तो मेला डोळा! त्याला काय, थोरलीचा उजेड काय आणि आभाळाचा काय, सगळं सारखंच. त्यानं बघितलं आणि मी ‘एक’लाच पेटले. धाड!

सगळं शीड डोक्यावर पांढरंफेक झालं. आवडाबाई अशी ओरडली की कांदळवनातले बगळे एकदम उडाले. त्यातला एक बगळा माझ्याकडे बघत होता. तो अजून खाडीवर एक डोळा मिटूनच उभा असतो, जाऊन बघा.

‘‘तू शब्द दिलेलास!’’ आवडाबाई किंचाळली.

‘‘काकी, मी नाही हो दाबलं! ही कशी पेटली? थोरली तर गप्प आहे!’’ महिपत वायर चाचपायला लागला. अरे, वायर कसली बघतोस! डोळा काढ, डोळा! मी वरून ओरडत होते, पण माझं ओरडणं म्हणजे ती शिट्टी. चीईईई. लाल दिवा परत लागला. तेवढ्यात दुसरी वीज, जवळ. धाड! मी पुन्हा पेटले.

काठावर कुणीतरी बोंबललं, ‘‘ईज पडली! सखारामच्या होडीवर ईज पडली!’’ बायका पोरांना ओढत पळाल्या. आभाळातली एक वीज आणि डोलकाठीवरची मी एक, आम्ही दोघी मिळून त्या काठाला वेड लावलं. मी पेटत होते आणि मलाच कळत नव्हतं यातली मी कुठली.

मग वारा आला आणि पाऊस कोसळला. आता पळायला वेळच नव्हता. ‘‘खाली बसा सगले!’’ सखाराम गरजला, आणि त्यानं दोर सोडून शीड सगळ्यांच्या अंगावर पाडलं. शिडाबरोबर माझे रबर तुटले. मी खाली आले ती थेट आवडाबाईच्या मांडीत.

शिडाखाली अंधार. वर पावसाचा ताशा. सखारामनं वल्ही उभी करून शिडाला टेकू दिला, तशी आत एक झोपडी तयार झाली. महिपतनं कॅमेरा शर्टात घालून पोटाशी धरलेला. नाथा ढोलकीवर पालथा पडलेला, कातडं भिजू नये म्हणून. आणि आवडाबाईच्या हाताला मी लागले. तिनं मला मुठीत आवळलं. तिला ठाऊकही नव्हतं काय धरलंय ते.

त्या मुठीत मी जी भीती बघितली, मित्रांनो, ती माझ्याहून मोठी होती. मला वाटायचं जगात माझ्याइतकं कुणी घाबरत नाही. आवडाबाईचा हात गार होता, आणि बोटातून नाडी अशी उडत होती की जणू नाथाच वाजवतोय.

आणि मी? मी प्रार्थना करत होते, आता वीज नको. हिच्या मुठीत नको. शिडाच्या फटीतून माझ्या डोळ्याला बाहेरचं दिसत होतं. लाल दिवा लागलेला. आभाळ गुरगुरत होतं.

चमकली.

मी तिच्या मुठीत पेटले. तिची बोटं आतून लाल झाली, हाडं दिसावीत इतकी. कुणीच ओरडलं नाही. आवडाबाईसुद्धा नाही. ती ताठ बसून राहिली, डोळे गच्च मिटून, मान एका बाजूला करून, कसलं तरी ऐकत असल्यासारखी.

महिपतला तेव्हा कळलं. ‘‘अरे देवा, डोळा! आभाळाची वीज बघून पेटते ही!’’ तो रांगत आला आणि त्यानं माझ्या पायाचा डोळा उपटून काढला. ‘‘काकी, झालं. आता नाही पेटायची. सोडा ती. माझीच चूक.’’

आवडाबाईनं मूठ सोडली नाही.

‘‘आवाज कुटं हाय?’’ ती म्हणाली.

‘‘कसला आवाज?’’

‘‘उजेड पडला की मागून आवाज येतो. मी आणि मंजुला, मोठी बहीण माजी, कालवं काढाया गेलेलू खडकावं. ल्हान होतो. उजेड पडला. मी कानावं हात ठेवलं आन् डोलं मिटलं. आवाज झाला. डोलं उघडलं तं मंजुला आडवी.’’ सखारामनं मान खाली घातलेली. त्याला हे माहीत होतं. नाथाला नव्हतं. ‘‘तवापासून उजेड दिसला की मी आवाजाची वाट बघते. ईज पडली, आवाज झाला, सुटले. पन तुजी ही डबी पेटते आन् आवाजच येत नाय रं. मी वाट बघतच ऱ्हाते. येल, आता येल, आता येल... कवा यायचा तो?’’



मला रडूच आलं. मला जशी ‘कधी’ची भीती, तशीच हिला. फरक एवढाच, की मी उजेडाच्या अलीकडे उभी राहून घाबरायचे आणि ती उजेडाच्या पलीकडे.

नाथानं नाक पुसलं. ढोलकी सरळ केली. ‘‘आत्ये,’’ तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, ‘‘आवाज मी देतू.’’

‘‘आं?’’

‘‘डबी पेटली की मी थाप मारतू. लगेच. तुना वाट बघायाच नाय लागणार.’’

महिपतनं एकदा नाथाकडे बघितलं, एकदा आवडाबाईच्या मुठीकडे. मग हळूच म्हणाला, ‘‘आणि काकी, मी नाही पेटवणार. पाठीवर बटण आहे, अंगठ्याखाली लागतंय बघा. तुम्ही दाबाल तेव्हाच पेटेल. मी कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवून नुसता बसतो. इथं अंधारच आहे, तुम्ही पेटवाल तेवढाच फोटो.’’

‘‘मी?’’

‘‘तुम्हीच. नाही दाबलं तरी चालेल.’’

‘‘नाय कशी चालंल? तो रबराचा मासा बसलाय ना तिकडं!’’

हे बोलली आणि सगळेच जरा हसले. भीतीत हसू येतं ना, तसलं, दातांवर दात आपटणारं. महिपतनं माशांच्या टोपलीवर कॅमेरा टेकवला. मला तोंड वर करून तिच्या मांडीत कसं धरायचं ते दाखवलं, म्हणजे उजेड ओल्या शिडावर जाऊन खाली उतरेल.

चीईईई. लाल दिवा.

बाहेर वीज चमकली. माझा डोळा नव्हता, मी गप्प. आयुष्यात पहिल्यांदा वीज चमकली आणि मी गप्प बसले! पाठीवर अंगठा आला. जाड, खरखरीत, खवल्यांनी सोललेला. मित्रांनो, मला पहिल्यांदा आधी कळलं. कुणीतरी मला सांगून पेटवणार होतं.

तिनं दाबलं. मी पेटले. ढुम!

नाथाची थाप उजेडाला अशी चिकटून आली की मध्ये केसभर जागा उरली नाही. आवडाबाई दचकली, उडालीच जागच्या जागी. पण डोळे उघडले. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सखाराम होता. नाथा होता. महिपत होता. सगळे उभेच्या उभे, म्हणजे बसलेलेच, पण जिवंत.

‘‘परत,’’ ती म्हणाली.

चीईईई. दाबलं. ढुम!

‘‘नाथ्या, उशीर केलास.’’

‘‘नाय केला, आत्ये!’’

‘‘मना सांगतोस? परत.’’

आणि मग ती गायला लागली. आधी घशातल्या घशात, मग मोकळी.

‘मांडवाच्या दारी गो, उजेड कुनाचा,
हलद घेऊन उबी गो, हात थरथरे तिचा...’

समेवर तिचा अंगठा पडायचा, मी पेटायचे, नाथाची थाप यायची. भिजलेलं शीड सायीसारखं उजळून विझायचं. बाहेर आभाळही गडगडत होतं, पण ते आता आमच्या तालात नव्हतं, बेसूर वाटायला लागलेलं. घाबरत होतो का? सगळेच घाबरत होतो. आवडाबाईचा हात शेवटपर्यंत थरथरत होता. पण ती गात होती आणि मी पेटत होते. लोक काहीही म्हणोत, त्या संध्याकाळी माझ्या उजेडानं खाडीतल्या कोळंब्या पाण्यातच शिजून लाल झाल्या. सखारामनं सकाळी त्या वेचल्या, मिठासकट तयार.

शनिवारी सकाळी महिपत ओला फोटो वाळवत वाळवतच कल्याणला पोचला. बरोबर आवडाबाई होती, तिनं ऐकलंच नाही. पंढरीशेठनं फोटो बघितला. केस भिजलेले, कुंकू गालावर ओघळलेलं, डोळे टक्क उघडे, आ वासलेला आणि आत पडलेल्या दाताची खिडकी. उजेड असा, की जणू तिच्याच मांडीतून उगवलाय.

‘‘तोंड केवढं उघडलंय,’’ शेठ म्हणाला. ‘‘मॉडेल बरी होती.’’

आवडाबाई काउंटरवर वाकली. ‘‘शेठ, तिला सांग, तोंड उघड आन् एक सूर लाव. लावला, तं तिचा फोटो छाप.’’

कव्हरवर आवडाबाई आली. त्या वर्षी कोलशेतपासून कळव्यापर्यंत जिथं जिथं हळद होती, तिथं टेपरेकॉर्डरशेजारी ती दाताची खिडकी उघडून उभी होती.

त्यानंतर मी आणखी काही वर्षं काम केलं. मग नव्वदनंतर महिपतनं डोंबिवलीला दुकान घेतलं. मोठे दिवे आले, छत्र्या आल्या. थोरली कुणाला तरी दिली. मला एका ड्रॉवरमध्ये टाकलं, पोटात सेल तसेच ठेवून. महिपत वाईट माणूस नव्हता, विसरला. ड्रॉवरमध्ये अंधार, आणि तो संपतच नाही. लाल दिवा नाही, शिट्टी नाही. सेल आतल्या आत फुटले आणि त्यांचं हिरवं-पांढरं पाणी माझ्या हाडांत शिरलं. मी ओरडत होते. माझं ओरडणं म्हणजे शिट्टी, आणि शिट्टी तर आता येतच नव्हती.

मग एक दिवस तोच आवाज! ड्रॉवरची लाकडं हलली. आवडाबाई नातीच्या लग्नाच्या फोटोचं ठरवायला आलेली, हातात सुकटीची पिशवी. काम झाल्यावर म्हणाली, ‘‘महिपत, माजी ईज कुटं हाय?’’

महिपतनं आधी मोठ्या दिव्यांकडे बोट दाखवलं, तिनं मान हलवली. मग त्यानं ड्रॉवर उपसला. मला बाहेर काढलं आणि त्याचा चेहरा पडला. ‘‘काकी, ही मेली हो. सेल आत राहिले, सडली. आता नाही पेटायची.’’

‘‘मना पेटवायची नाय,’’ आवडाबाई म्हणाली. ‘‘मना धरायची हाय.’’

तेव्हापासून मी कोलशेतला असते. फळीवर, तिच्या औषधांच्या डबीशेजारी, त्या कॅसेटच्या बाजूला. येऊरवर काळं दाटलं की ती मला खाली घेते. अंगठा बटणावर. चमकली की दाबते. मी पेटत नाही, पण शेजारच्या घरातून नाथा, त्याचे केसही आता पिकलेत, भिंतीवर थाप मारतो. ढुम. आवडाबाई श्वास सोडते. मग मी सोडते.

तर मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या टॉर्चमधले, रेडिओमधले सेल काढून ठेवत जा, आतल्या आत सडणं फार वाईट असतं. आणि कुणी घाबरलं तर ‘त्यात काय घाबरायचं’ म्हणून हसू नका. ते कसल्या आवाजाची वाट बघतंय ते विचारा, आणि जमलं तर बटण त्याच्याच हातात द्या.

आता मी थांबते. बाहेर वारा सुटलाय, येऊरचा डोंगर दिसेनासा झालाय. आवडाबाई फळीकडे यायला लागलीय. आला, तिचा अंगठा आला. थरथरतोय. मीही थरथरतेय.

नाथा, भिंतीजवळ ये रे बाबा, लवकर.